मणी सरकवणाऱ्या दाया

संपादक साहेब,

हल्ली इम्पॅक्ट म्हटलं की लोक लगेच फॉलोअर्स आणि व्ह्यूज मोजायला लागतात, मला मात्र गडचिरोलीतल्या दाया आठवतात. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली, बाळं न्यूमोनियाने जायची, बाळाचे श्वास मोजून तो ओळखायचा तर बऱ्याच दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, मग काय केलं तर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी दिले, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया समजून औषध चालू. इतकं साधं! पुढे गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेणं सुरू झालं, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा रिसर्च छापून आला आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन हेच काम करतायत. पण त्यांना अजून पक्की नोकरी नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला, तोही बऱ्याचदा रखडतो. निदान पैसे तरी दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मिळावेत, हा विषय तुमच्या पेपरने लावून धरावा ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर