खोलीचा अर्ज मे महिन्यातच करायला हवा होता

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू एकदम गप्प झालीस. "बाबा, सगळ्यांना खोल्या मिळाल्या, मीच राहिले," एवढंच म्हणालीस आणि मग नुसता तुझा श्वास ऐकू येत राहिला. मला फोनवर अशा वेळी काही सुचत नाही, मी हवामानाचं काहीतरी विचारलं. म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी एक गोष्ट कबूल करायची आहे. मे महिन्यात तू म्हणाली होतीस की वसतिगृहाचा अर्ज आत्ताच भरून ठेवते. मीच म्हणालो, बाजारात तुरी असताना खोलीची घाई कशाला, आधी प्रवेश होऊ दे, व्हिसा हातात पडू दे. तू ऐकलंस. आता जर्मनीतल्या वसतिगृहांबद्दल मिळेल ते वाचतोय तेव्हा कळतंय की बऱ्याच ठिकाणी प्रवेशपत्र हातात नसतानाही रांगेत नाव घालता येतं. तो कागद करार करायच्या वेळी दाखवावा लागतो. रांगेतला नंबर बहुतेक अर्जाच्या तारखेवर ठरतो, व्हिसाच्या तारखेवर नाही. तुझे तीन महिने माझ्या शब्दापायी गेले. तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे मनात पक्कं ठेव.

माझी समजूतच चुकीची होती. मला वाटायचं, विद्यापीठानं प्रवेश दिला म्हणजे राहण्याची सोयही तेच बघणार. तिथे तसं नाही. वसतिगृहं मुख्यतः श्टुडिरेंडेनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेकडे असतात आणि ती विद्यापीठाहून वेगळी संस्था आहे. देशभरात अशा ५७ संस्था आहेत, प्रत्येकीचा अर्ज वेगळा, नियम वेगळे. विद्यापीठाला तुझ्या अर्जाची खबरही नसते. म्हणून "मला प्रवेश दिलाय तर खोली का नाही?" हा प्रश्न तिथल्या कुणाला विचारून उपयोग नाही. उत्तर देणारा माणूस दुसऱ्याच इमारतीत बसतो.

आता रांगेचं. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि नवी मुलं बहुतेक त्याच सुमाराला येतात, त्यामुळे तुझ्या म्युनिकसारख्या शहरात ऑक्टोबरात खोली मिळणं सगळ्यात अवघड. पण वसतिगृहात कुणालाही ठराविक सत्रांपुरतंच राहता येतं. कुणाची मुदत संपते, कुणी प्रबंध लिहायला दुसऱ्या गावी जातं, कुणी एका सत्रासाठी परदेशी जातं. १ एप्रिलला उन्हाळी सत्र लागतं, तेव्हा नवी मुलं कमी येतात. तोवर तुझं नाव रांगेत जिवंत राहायला हवं. बऱ्याच ठिकाणी मधून मधून ईमेल येतो की अजून खोली हवी आहे का, आणि त्याला वेळेत उत्तर दिलं नाही तर नाव उडतं. ते ईमेल कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जाऊ देऊ नकोस.

आणि तुझा जीव म्युनिकच्या त्या ऑलिम्पिक गावातल्या वसतिगृहात अडकलाय, ते जरा सोड. १९७२च्या स्पर्धेत महिला खेळाडू राहिलेल्या त्या छोट्या घरांची जागा, भिंती विद्यार्थ्यांनीच रंगवलेल्या, मलाही फोटो बघून आवडली. जुनी घरं पाडून तिथे १०५२ नवी बांधली असं वाचलं, पण ती हवी असणारी मुलं त्याच्या किती पट असतील! शहराच्या कडेचं, जुनं, लांब बोळ आणि एकच सामायिक स्वयंपाकघर असलेलं वसतिगृह आलं तरी हो म्हण. चर्चच्या संस्थाही वसतिगृहं चालवतात आणि त्यांतली बरीच सगळ्या धर्मांच्या मुलांना घेतात. त्यांचे अर्ज वेगळे करावे लागतात, काही ठिकाणी मुलाखतही घेतात. तिथेही नाव घाल.

मागच्या आठवड्यात तू मला ती जाहिरात पाठवलीस ना, विद्यापीठाजवळ अख्खं घर, सगळं धरून ४५० युरो. मालक लंडनला, चावी कुरिअरनं येणार, अनामत मात्र आधी पाठवायची. खोटं सांगत नाही, ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. म्युनिकमध्ये भाड्याच्या घरातली एक खोलीच आठशे युरोच्या आसपास जाते, अख्खं घर साडेचारशेला कोण देईल? ही जाहिरात तुझ्यासारख्या थकलेल्या मुलीसाठीच लिहिलेली असते. जर्मन कायद्याप्रमाणे अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी (वीज-पाणी-हीटिंग सोडून) घेता येते, आणि तीसुद्धा भाडेकरूला तीन समान हप्त्यांत देता येते, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. खोली न दाखवता आधी पैसे मागणाऱ्याशी बोलणंच नको. तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात. तेवढे एकदा गेले तर महिनाभर खायचं काय? खोली प्रत्यक्ष बघ, करारावर सही होऊ दे, चावी हातात येऊ दे, मग पैसे. मी स्वतः घाबरून "पाठव बाई, मिटवून टाक" म्हणालो तरी ऐकू नकोस.

मधल्या महिन्यांसाठी त्स्विशनमीटे बघ, म्हणजे कुणीतरी बाहेरगावी जाताना चार-सहा महिन्यांसाठी आपली खोली देतं ती. तिथे भाड्याच्याही आधी एकच विचार: आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. काही लोक खोली देतात पण ते पत्र द्यायला नाही म्हणतात. नोंदणी अडली की करक्रमांक अडतो, आणि निवासपरवान्याचं कामही. पन्नास युरो जास्त गेले तरी पत्र देणारी खोली घे. खोली देणाऱ्याला मूळ घरमालकाची परवानगी आहे ना, तेही विचार.

आणखी एक सोय वाचली, ती मला मनापासून आवडली. 'वोनेन फ्युर हिल्फे', म्हणजे मदतीच्या बदल्यात राहणं. एकटे राहणारे वयस्कर लोक घरातली एक खोली विद्यार्थ्याला देतात आणि विद्यार्थी त्यांना घरकामात, बागेत, बाजारहाटात हातभार लावतो. ढोबळ हिशेब असा, की खोली जितके चौरस मीटर तितके तास महिन्याला. १५ चौरस मीटरची खोली असेल तर १५ तास. मूळ भाडं नाही, वीज-पाणी-हीटिंगचा वाटा तेवढा द्यायचा. आजारपणातली शुश्रूषा यात येत नाही, ते आधीच स्पष्ट असतं. म्युनिकमध्ये ही सोय आहे. तुझं जर्मन अजून अडखळतं म्हणून तू मागे सरशील, मला माहीत आहे. पण रोज संध्याकाळी घरी कुणीतरी जर्मन बोलणारं असेल तर ते किती लवकर सुटेल! आणि खरं सांगू, त्या शहरात संध्याकाळी "आलीस का?" असं विचारणारं कुणी असेल, या विचारानंच मला बरं वाटतं. एकदा चौकशी कर. नाही पटलं तर सोडून दे.

खोली मिळेल त्या दिवशी सामान आत नेण्याआधी फोटो काढ. भिंतीवरचा डाग, गादी, खिडकीचा खटका, सगळं. ताबा घेताना कागदावर नोंद होते, त्यात प्रत्येक ओरखडा लिहून घे, नाहीतर सोडताना अनामतीतून तो तुझ्या नावावर पडेल. चावी जपून वापर. हरवली तर कधी कधी पूर्ण मजल्याची कुलुपं बदलण्याचा खर्च मागतात. दायित्वाचा विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) काढशील तेव्हा त्यात चावी धरलेली आहे का, ते वाचून घे. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो, ते फसवं नसतं. बाकीचं तू माझ्यापेक्षा चांगलं सांभाळशील.

अनामतीचे पैसे मी वेगळे काढून ठेवले आहेत, त्याची काळजी करू नकोस. आई म्हणते, खोली मिळेपर्यंत त्या प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये खालचा पलंग मागून घे, वर चढताना तुझा पाय मुरगळतो.

दर महिन्याच्या एक तारखेला मी तुला एकच शब्द पाठवीन, "रांग?" तू ईमेल बघून, पुष्टी करून, "आहे" एवढंच लिही. त्या दिवशी फोन केला नाहीस तरी चालेल.

तुझे
बाबा