धावताना मूल पडलं, तर अशक्तपणा समजू नका

महोदय,

माझा मुलगा १५ वर्षांचा, शाळेच्या कबड्डी संघातला. गेल्या मार्गशीर्षात हर्णैच्या पुळणीवर सराव करताना धावता धावता तोंडावर आपटला. पडताना हातसुद्धा पुढे आले नाहीत, नाकातोंडात वाळू. अर्ध्या मिनिटात उठून बसला. सगळे म्हणाले, अशक्तपणा. शेजारच्या काकीने मीठमिरच्या ओवाळल्या. ईसीजी नॉर्मल आला. महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा धावतानाच.

मुंबईच्या डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं, "बसल्या जागी कधी चक्कर आली?" कधीच नाही. मग इको आणि सीटी अँजिओग्राफी झाली. हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी जन्मापासून भलत्याच, म्हणजे उजव्या बाजूने निघालेली आणि महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्या मधून गेलेली. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: तिचं तोंड चिरेसारखं अरुंद, जोरात पळताना ती दाबली जाते. बसून काढलेल्या ईसीजीत हे बहुधा दिसत नाही. असा प्रत्येक दोष घातक नसतो, काहींवर नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. याचं ऑपरेशन करावं लागलं.

क्रीडाशिक्षकांना हात जोडून सांगते, खेळताना मूल बेशुद्ध पडलं किंवा छातीत दुखलं, तर हृदयतज्ज्ञांनी बघेपर्यंत त्याला मैदानात उतरवू नका. शुद्धीवर येत नसेल आणि श्वास नीट नसेल, तर लगेच छाती दाबायला लागा, दुसऱ्याने १०८ लावावा. प्रत्येक शाळेत हे शिकवायलाच हवं.

मुलगा सध्या फक्त चालतो. कबड्डीचं काय ते तीन महिन्यांनी स्ट्रेस टेस्ट बघून डॉक्टर ठरवणार आहेत.

– एक आई, हर्णै (ता. दापोली)