लॅपटॉपच्या विंडोजचे पैसे दुसऱ्यांदा कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागला की कोकणात लाइटचा लपंडाव सुरू होतो आणि पाठोपाठ दुरुस्तीच्या टेबलावर बंद लॅपटॉपची रांग लागते. त्यात बरेचसे चार-पाच वर्षांचे, बॅटरी मेलेले, कायम चार्जर लावून वापरले जाणारे असतात. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणजे लाइट गेली तरी बिघडत नाही, हा समज यंत्र नवे असेपर्यंत खरा. बॅटरी मेली की लाइट जाताच लॅपटॉप धाडकन बंद पडतो. त्याच क्षणी विंडोजचे अपडेट चालू असेल तर काही फाइली जुन्या, काही नव्या आणि काही अर्धवट लिहिलेल्या राहतात. पुढच्या वेळी सुरू केला की ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ येते, काळा पडदा येतो, पुन्हा तेच.

अशा वेळी ग्राहकाला बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळते: “फॉरमॅट मारावा लागेल, नवीन विंडोज टाकून देतो.” संध्याकाळी लॅपटॉप हातात येतो तेव्हा मुलांचे फोटो गेलेले असतात, कंपनीने दिलेली रिकव्हरी पार्टिशन (मूळ विंडोज ठेवलेला डिस्कचा राखीव भाग) गेलेली असते आणि आत चोरीची विंडोज बसलेली असते. ती विंडोज ग्राहकाने लॅपटॉप घेतानाच विकत घेतली होती, हे त्याला कोणी सांगत नाही. याच व्यवसायात असल्याने आम्ही हे लिहीत आहोत.

२०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हापासून कंपनीकडून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक) मदरबोर्डवरच्या बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) चिपमध्ये लिहिलेली असते. पूर्वी ती खालच्या बाजूच्या स्टिकरवर असायची आणि घासून पुसून जायची. आता हार्ड डिस्क बदला, पूर्ण पुसा, ही की जागची हलत नाही. विंडोज पुन्हा टाकताना ती आपोआप वाचली जाते आणि इंटरनेट मिळाले की अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे परवान्याची खातरजमा, होते. अट एकच, एडिशन तीच हवी. आपल्याकडे घरगुती लॅपटॉपवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ येते. तिच्या जागी कोणी ‘प्रो’ टाकली तर बायोसमधली की तिला लागू होत नाही, आणि मग अ‍ॅक्टिव्हेशनसाठी क्रॅक (परवान्याशिवाय चालवायची चोरवाट) मारला जातो. मदरबोर्ड बदलला तर मात्र की त्याच्याबरोबर गेली. म्हणून बोर्ड बदलण्याआधीच परवान्याचे काय होणार, हे विचारून घ्यावे.

विंडोजला हात लावण्यापूर्वी बिघाड खरोखर विंडोजचाच आहे का, ते पाहावे. लावलेली पेन ड्राइव्ह, कार्ड, प्रिंटरची वायर काढावी. चार्जर काढून पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे, मग चार्जर लावून सुरू करावे. एवढ्यावर सुरू होणारे लॅपटॉपही असतात. नाही झाला तर बायोसमध्ये जावे (सुरू करताच दाबायचे बटण: डेल, लेनोवो, एसर, असुस यांत सहसा एफ२, एचपीमध्ये एफ१०) आणि डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत नसेल, तर बहुधा डिस्क निकामी आहे किंवा तिचा कनेक्टर खराब आहे. तिथे विंडोज टाकायचीच कुठे?

किनाऱ्यालगतच्या गावांत हे जास्त दिसते. खाऱ्या दमट हवेने रॅमच्या (मेमरीच्या) आणि एसएसडीच्या (नव्या पद्धतीच्या डिस्कच्या) पट्टीवर हिरवट काळा थर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी पुसून परत बसवली की काम होते. बोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला तर बायोसची तारीख मागे जाते आणि सेटिंगही मूळ पदावर येतात. बूट मोड किंवा डिस्कचा मोड बदलला की धडधाकट विंडोजही सुरू होत नाही. तारीख चुकलेली दिसली तर आधी सेल बदलून पूर्वीचे सेटिंग लावून पाहावे. रॅम खराब असेल तर विंडोज टाकताना मध्येच फाइली वाचता येत नसल्याची तक्रार येते, आणि दोष पेन ड्राइव्हला दिला जातो. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोजशिवाय चालणारी तपासणी असते. एचपीमध्ये एफ२, डेलमध्ये एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडावे. डिस्क ‘फेल’ आली, किंवा हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येऊ लागला, तर तिच्यावर चेकडिस्क, रिपेअर, फॉरमॅट काहीही चालवू नये. आधी जमेल तितका डेटा काढावा आणि नवी एसएसडी घालावी.

डेटा काढण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते. विंडोजचा लोगो दिसताच पॉवर बटण दाबून लॅपटॉप बंद करावा. असे लागोपाठ दोन-तीनदा केले की निळा रिकव्हरी पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट असे जावे आणि ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर दाबावे. नोटपॅडच्या फाइल मेनूतून ओपन निवडावे आणि खालच्या चौकटीत ‘ऑल फाइल्स’ करावे. आता सगळ्या ड्राइव्ह दिसतात. (इथे अक्षरे बदललेली असू शकतात, नेहमीची सी ड्राइव्ह डी म्हणून दिसली तर घाबरू नये.) यूझर्समधील आपल्या नावाच्या फोल्डरवर उजवे क्लिक करून कॉपी, बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाऊन पेस्ट. कॉपी होताना हिरवी पट्टी दिसत नाही आणि पडदा गोठल्यासारखा वाटतो. तो बंद पडलेला नसतो. पन्नास जीबी फोटो असतील तर तासभरही तसाच राहील. ज्याला हे जमणार नाही त्याने उबुंटूची (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीची) पेन ड्राइव्ह करून ‘ट्राय’ निवडावे, तिथे नेहमीसारख्या खिडकीतून फाइली उचलता येतात.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतले की डेटा आला, असे समजू नये. टॅलीचा डेटा बहुधा यूझर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो. डीटीपी करणाऱ्यांनी आणि जुन्या संस्थांनी विंडोज फोल्डरमधले फॉन्ट्सही कॉपी करावेत. श्रीलिपी किंवा कृतिदेव मधल्या जुन्या फाइली फॉन्ट गेल्यावर उघडतात खऱ्या, पण सोसायटीच्या इतिवृत्ताच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची जत्रा दिसते.

याच टप्प्यावर अनेक नव्या लॅपटॉपवर ४८ आकडी बिटलॉकर की मागितली जाते. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असते, हे मालकाला ठाऊकच नसते. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या अकाउंटमध्ये, डिव्हाइसेसच्या यादीत, साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. अडचण अशी की घेताना सेटिंग दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर करून दिलेले असते. मग की त्याच्याकडे, पासवर्ड तो विसरलेला. की नसेल तर डेटा निघत नाही. कितीही मोठा तज्ज्ञ असो, त्याचाही इलाज नाही. लॅपटॉपबरोबर आलेल्या ऑफिसचेही तेच, ते ज्या अकाउंटला जोडले तिथेच राहते. नवीन लॅपटॉप घेणाऱ्याने अकाउंट स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर, दुकानातच बसून करून घ्यावे.

डेटा हाती आला की मग दुरुस्ती. त्याच निळ्या पडद्यावर आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. अपडेटच्या मध्ये लाइट गेलेली असेल तर दुसऱ्याने बरेचदा काम भागते. नाही भागले तर ‘रीसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ निवडले तर आपल्या फाइली राहतात, टाकलेले प्रोग्रॅम जातात. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ आणि ‘लोकल रीइन्स्टॉल’ असे दोन पर्याय येतात. पहिल्याला सुमारे चार जीबी डेटा लागतो. दुसऱ्याला नेट लागत नाही, पण डिस्कवरच्याच फाइली खराब असतील तर तो मध्येच अडकतो. या काळात पुन्हा लाइट गेली तर होते तेही जाईल, म्हणून मेल्या बॅटरीचा लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावूनच हे करावे.

कंपनीची स्वतःची रिकव्हरी शाबूत असेल तर लॅपटॉप सुरू करताना एचपीत एफ११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ१०, असुसमध्ये एफ९, लेनोवोत टाचणीने दाबायचे नोव्हो बटण. ड्रायव्हरसकट (वायफायसारखे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमसकट) सारे मूळ अवस्थेत येते, मात्र डेटा पुसला जातो.

यातले काहीच चालले नाही, किंवा डिस्क नवी घातली, तर विंडोज टाकायची पेन ड्राइव्ह करावी. किमान आठ जीबीची, रिकामी. आत असलेले सगळे पुसले जाते. दुसऱ्या चालत्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (अशी पेन ड्राइव्ह तयार करणारा प्रोग्रॅम) घ्यावे. डाउनलोड पाच जीबीच्या आसपास जाते, तेव्हा ज्या वाडीत फोनवर बोलायलाही सड्यावर जावे लागते, तिथल्या लोकांनी हे काम तालुक्याच्या गावी उरकून घ्यावे. आयएसओ (सगळी विंडोज असलेली एकच) फाइल उतरवून ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करण्याचा उद्योग करू नये. आतली इन्स्टॉलची फाइल चार जीबीपेक्षा मोठी असली तर त्यावर मावत नाही. टूल हे बरोबर सांभाळते.

पेन ड्राइव्हवरून सुरू करून पुढे जात राहिले की पार्टिशनची यादी येते (जुन्या सेटअपमध्ये आधी ‘कस्टम’ निवडावे लागते). इथे आधी मोबाइलने फोटो काढावा. शंभर ते अडीचशे एमबीची सिस्टीम, सोळा एमबीची एमएसआर, मोठी प्रायमरी आणि शेवटी रिकव्हरी, असा क्रम बहुधा असतो. आपल्याकडे डी, ई अशा ड्राइव्ह पाडायची सवय आहे, त्याही ‘प्रायमरी’ म्हणूनच दिसतात. अक्षर दिसत नाही, तेव्हा आकारावरून ओळखावे. चुकीच्या ओळीवर डिलीट दाबले की लग्नाचे फोटो गेले. दहा-वीस जीबीची कंपनीची रिकव्हरी असेल तर ती राहू द्यावी.

यादी रिकामीच आली तर डिस्क गेली असे लगेच ठरवू नये. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असते आणि सेटअपला तिचा ड्रायव्हर लागतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, एक्स्ट्रॅक्ट करून, त्याच पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवावा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण मग आतली जुनी विंडोज सुरू होणार नाही. ‘एमबीआर पार्टिशन टेबल’ची तक्रार आली तर पूर्वी कोणीतरी लेगसी (जुन्या पद्धतीच्या) मोडमध्ये विंडोज टाकली होती असे समजावे. डेटा काढलेला असल्यास सर्व पार्टिशन पुसून मोकळ्या जागेवर नेक्स्ट दाबावे. की विचारलीच तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’.

विंडोज ११ शेवटी इंटरनेट मागते आणि वायफायचा ड्रायव्हर नसल्याने तिथेच खोळंबते. अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर सरळ ११ टाकावी. त्याहून जुन्या यंत्रावर पळवाटेने ११ बसवून देणारे आहेत. आमच्या मते त्यापेक्षा लिनक्स मिंट बरी. मराठी युनिकोड टायपिंग तिच्यातही होते.

दुकानातून लॅपटॉप परत घेताना सेटिंग्जमध्ये सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन उघडून पाहावे. ‘डिजिटल लायसन्स’ असे लिहिलेले हवे. घरच्या लॅपटॉपवर ‘ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ असे दिसले तर क्रॅक मारला आहे असे खुशाल समजावे. दुकानदाराला मेहनतीचे पैसे जरूर द्यावेत, पण बिलावर ‘विंडोज’ म्हणून वेगळी रक्कम लावली असेल तर ती कशाची, हे विचारावे.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक,
कणकवली व मालवण