फळबागांचा पंचनामा दोनदा व्हावा

संपादक महोदय,
स. न.

चॉकलेट महागल्याची आपल्या अंकातली बातमी वाचली. तीत व्यापारी आले, कर आले, डॉलर आला. झाडाचा मात्र उल्लेख नाही. मी कोथरूडला घरीच कोकोच्या बिया भाजून चॉकलेट बनवते. बिया केरळमधल्या इडुक्कीच्या एका लहान बागायतदाराकडून येतात.

२०१८ च्या ऑगस्टमधला पूर ओसरला तेव्हा त्यांची झाडे उभी होती, फळेही होती. खरे नुकसान त्यानंतर सुरू झाले. कोकोचे फळ थेट खोडाला लागते. मातीतला फायटोप्थोरा हा बुरशीसारखा जीव पावसाच्या शिंतोड्यांबरोबर आधी खालच्या फळांवर चढतो. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. एक तपकिरी डाग पडतो आणि पंधरवड्यात अख्खे फळ काळे ठिक्कर. तोच रोग खोडात उतरला की साल कुजू लागते, मग नुसती फळे तोडून भागत नाही. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना पिकवतात. तिथे २०२३ च्या अतिपावसात हा रोग बळावला. इतरही कारणे होती, पण २०२४ मध्ये कोको टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला.

हे दूरचे वाटेल. पण आपल्या मोसंबीवरचा डिंक्या हा रोग याच फायटोप्थोरामुळे होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात शेतांत आणि बागांत पाणी तुंबून राहिले. पंचनामा होतो तो पाणी ओसरताच, आणि मदत मिळते ती ३३ टक्के वा अधिक नुकसान दिसले तर. त्या दिवशी झाड हिरवे असते. मुळे कुजून पान पिवळे पडायला, बुंध्यातून डिंक वाहायला वेळ लागतो. तोवर तलाठ्यांची यादी वर गेलेली असते. बाग जगवायला शेतकऱ्याला अनेक वर्षे लागलेली असतात. तिचा निवाडा एका फेरीत करणे मला अन्यायाचे वाटते.

कृषी आयुक्तालय पुण्यातच आहे. पूरग्रस्त फळबागांची दुसरी पाहणी तीन महिन्यांनी, कृषी सहायकांना बरोबर घेऊन व्हावी आणि त्यात आढळलेले नुकसान मूळ पंचनाम्याला जोडले जावे. पाणी काढायला चर खणण्याचा खर्च आणि बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद-चुना ही मदत मात्र पहिल्याच आठवड्यात पोचावी.

– एक चॉकलेट व्यावसायिक, कोथरूड, पुणे