अर्ध्या तिकिटाच्या बायका

चि. अभिजित,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय. परवा डेपोत गाडीची वाट बघत बसलो होतो. एका ड्रायव्हरनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. गाडी स्टँडवर लागतेय आणि बायका खिडकीतून रुमाल, पिशव्या टाकतायत, एकीनं तर पोरगंच आत सोडलं. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेल्या शिव्या. त्यात तुझं नाव, तुझा फोटो. ‘अर्ध्या तिकिटात म्हशी भरल्यात.’ चाळीस जणांनी हसून दाद दिलेली. तू माझा मुलगा हे त्या ड्रायव्हरला ठाऊक नाही. तो हसला, मीही हसल्यासारखं केलं. त्याची लाज अजून जात नाही.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं. तेव्हापासून ही गर्दी मी रोज अंगावर घेतोय. भांडणं होतात, खोटं कशाला सांगू? रुमाल कुणाचा आधी पडला यावरून सात पिढ्यांचा उद्धार होतो. पण नंतर दोन तास मांडीला मांडी लावून बसायचं असतं. घाट लागला की एकीला मळमळतं, आणि मघाशी भांडलेलीच पिशवीतून लिंबू काढून देते. तुमचं बरं आहे, शिवी घातली की तुम्ही चालत्या गाडीतून उतरता. घाटापर्यंत थांबतं कोण?

मी काही साधू नाही. एकदा बाजारच्या दिवशी सकाळच्या पहिल्या फेरीला एका बाईनं पाचशेची नोट काढली. माझ्या बॅगेत सुट्टे नव्हते. मी फटकन बोललो, ‘अर्ध्या तिकिटात हिंडायचं आणि वर नोटा नाचवायच्या!’ गाडी गप्प झाली. तिनं पदराची गाठ सोडली, परतीसाठी ठेवलेली नाणी मोजून हातावर ठेवली. पुढच्या बाजारी ती परत माझ्याच गाडीला. मी मशीनमधून तिकीट काढलं, वर बघायचं टाळलं. त्याच्या पुढच्या बाजारी मात्र म्हणालो, ‘मावशी, त्या दिवशी चुकलं माझं.’ ‘असू द्या, तुम्हाला पण ताप असतोय,’ म्हणाली आणि खाली बघून पिशवी सावरू लागली.

गाडीत बाई उभी दिसली की तू जागा देतोस, मी पाहिलंय. म्हणून आधी वाटलं, तुझा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असेल. ते लिहिलेलं काढायचं की ठेवायचं, तुझं तू बघ.

आत्या रविवारी पहाटेच्या गाडीनं निघून स्वारगेटला उतरेल. ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी आणतेय, पिशव्या जड आहेत, घ्यायला जा. तिचं तिकीट अर्धंच असणार. गर्दी असतेच, त्यामुळे खिडकीतून रुमाल टाकायला मी जाणार आहे.

तुझे,
बाबा