आई, तू सही करू नकोस

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल बोलता बोलता तू म्हणालीस की काकांनी हक्कसोडपत्र लिहून आणलंय, राजापूरला दुय्यम निबंधकाकडे जाऊन सह्या केल्या की घर दादाच्या नावावर. माझी सही मागणार हे ठाऊकच होतं. लेकीने भावासाठी सोडायचं, ही आपल्याकडची रीत. पण त्यात तुझीही सही आहे, हे ऐकून डोळ्याला डोळा लागला नाही.

बाबांनी ती जागा स्वतःच्या पगारातून घेतली, वर जांभ्याचं घर उभं केलं आणि मृत्युपत्र न करता गेले. म्हणजे तू, दादा आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा. तुझा हिस्सा नुसता हयातीपुरता नाही, 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तो पुरता तुझ्या मालकीचा आहे. आजी त्या कायद्याआधी विधवा झाली. तिच्या वाट्याला दोन वेळचं जेवण आणि माजघराचा कोपरा आला, हे तूच सांगायचीस ना? मग तू आपण होऊन त्या कोपऱ्यात का जातेस?

दादा तुला कधी बाहेर काढणार नाही, मान्य. पण उद्या धंद्यासाठी त्याने घर तारण ठेवलं, तर बँक तुला विचारायला येणार नाही. आणि नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

तूर्त फक्त वारस नोंद करू. बाग सातबाऱ्यावर आहे, तिचा अर्ज तलाठ्याकडे (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तो तलाठीच राहणार). घराचा असेसमेंट उतारा ग्रामपंचायतीचा, तिथे वेगळा अर्ज. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेव. पुढे सगळं दादालाच द्यावंसं वाटलं तर खुशाल मृत्युपत्र कर. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही, विचार बदलला तर दुसरं करता येतं.

राहिला माझा हिस्सा. तो मी सोडीन, पण दादाच्या नावे नाही, तुझ्या.

दादाशी मीच बोलते. काकांनी विचारलं तर माझं नाव सांग. पोरगी पुण्याला जाऊन शेफारली म्हणतील, म्हणू देत.

तुझी,
लेक