आमच्या प्रवाशांचे कागद रात्री-अपरात्री तपासून देणाऱ्या ताईंना

मुंबई

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

दादर, ठाणे, डोंबिवली, वसई या भागांत विमानाची तिकिटं काढून देणारे आम्ही काही छोटे एजंट मिळून हे पत्र लिहीत आहोत. नाव छापायचं नाही, असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून ते लिहीत नाही. पण सहार विमानतळाच्या चेक-इन काउंटरवरची नोकरी सोडून घरी बसलेल्या एका बाईने २०२० ते २०२२ या काळात एक पैसा न घेता मुंबईच्या प्रवाशांसाठी नेमकं काय केलं, ते लोकांना कळायला हवं. ‘खूप मदत केलीत’ एवढ्यावर आमचं समाधान होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोविडमुळे २३ मार्च २०२० ला नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली आणि २७ मार्च २०२२ ला पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात सरकारने अडकलेल्यांसाठी सोडलेली वंदे भारतची विमानं, चार्टर आणि जुलै २०२० पासून एअर बबलची, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवून चालवलेली विमानं, एवढाच आधार होता. आखातातल्या नोकरीवर परतणारे रत्नागिरी-चिपळूणचे लोक, जहाजावर रुजू व्हायला निघालेले खलाशी, लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया, ऑगस्टची विद्यार्थ्यांची गर्दी, अशा सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा: “तिकडे काय लागतं?” तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलंत की या प्रश्नाला उत्तर नाही. पासपोर्ट कुठला, व्हिसा कोणता, गेल्या १४ दिवसांत माणूस कुठे होता, मधे कुठे उतरणार आणि तिकीट एका पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) आहे की दोन, हे पाच जबाब हातात आल्याशिवाय तुम्ही नियमाबद्दल अवाक्षर काढत नव्हता. मग प्रवासातली दारं मोजायला लावायचात. मुंबईचा काउंटर, इमिग्रेशन, मधला विमानतळ, उतरल्यावरचा आरोग्य तपासणीचा टेबल. प्रत्येक दाराशी वेगळा माणूस, त्याचा कागद वेगळा आणि वेळ मोजायची रीतही वेगळी.

काउंटरवरचा कर्मचारी वर्तमानपत्रातली बातमी बघून ठरवत नाही, त्याच्या पडद्यावरच्या टिमॅटिकमध्ये, म्हणजे विमान कंपन्या वापरतात त्या प्रवेश-नियमांच्या यादीत, जे लिहिलेलं असेल त्यावर ठरवतो, हे आमच्यातल्या बहुतेकांना तुमच्याकडूनच कळलं. चुकीचा माणूस नेला तर त्याला परत आणायचा खर्च आणि वर दंड विमान कंपनीच्या माथी बसतो, म्हणून तो अडवतो, त्यात अरेरावी नसते. हे समजल्यावर आमच्या प्रवाशांची काउंटरवरची भांडणं थांबली. वाद घालण्याऐवजी ते त्याला हवा तो कागद पुढे करू लागले.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होता. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. माणूस घरातून निघतो चौदा तारखेला रात्री आणि तिकिटावर तारीख असते पंधरा. त्यात कुठे तासांनी मोजायचं, कुठे दिवसांनी. भारतात येताना फेब्रुवारी २०२१ पासून ७२ तासांच्या आतली आरटी-पीसीआर लागायची. अमिरातीला ४८ तास, तेही नमुना घेतल्याच्या वेळेपासून. रिपोर्ट कधी हातात आला याला तिथे काही किंमत नव्हती. अमेरिकेने मात्र ६ डिसेंबर २०२१ पासून ‘एक दिवस’ असं म्हटलं आणि सगळे त्याचा अर्थ २४ तास लावून बसले. तुम्ही त्याच संध्याकाळी व्हॉइस नोट टाकलीत: दिवस म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस. पंधरा तारखेला रात्री पावणेबाराला विमान असेल तर चौदा तारखेला सकाळी आठला दिलेला स्वॅबही चालतो. २४ तासांचा धाक धरून लोक रात्री लॅबच्या दारात रांगा लावत होते आणि रिपोर्ट विमान सुटल्यावर येत होता. शिवाय अमेरिकेला अँटीजेन चाचणीही चालायची, कॅनडाला तेव्हा अजिबात नाही. या एका व्हॉइस नोटमुळे किती घरांची ती रात्र शांत गेली असेल, ताई, तुम्हाला कल्पना नसेल.

दुबईच्या प्रवाशांचं गणित सर्वांत अवघड होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये दार उघडलं तेव्हा ४८ तासांच्या रिपोर्टशिवाय उड्डाणाआधी ४ तासांच्या आत विमानतळावरच रॅपिड पीसीआर करायची अट होती, पुढे ती ६ तासांवर आली. पहाटे साडेचारचं विमान असेल तर रात्री साडेदहाच्या आधी दिलेला नमुना बाद. आणि फार उशिरा द्यावा, तर रिपोर्ट हातात यायच्या आत काउंटर बंद. तुम्ही सांगायचात की साडेअकराच्या सुमारास रांगेत लागा, नमुना द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत बॅगा बांधलेल्याच ठेवा. मुंबईत त्या चाचणीला साडेचार हजार रुपये पडायचे, नंतर ३,९०० झाले. रॅपिड पॉझिटिव्ह आली तर तिकिटाचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच कंपनीला विचारून ठेवायलाही तुम्हीच सांगितलंत.

आता नावांबद्दल. इथे तुम्ही जितकं बारकाईने पाहिलंत तितकं कुणी पाहिलं नसेल. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळ्या ओळीत. आधारवर पुष्कळांचं आडनाव आधी. लग्न झालेल्या बाईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या. लस आधारवर घेतली, म्हणजे प्रमाणपत्रावर सासरचं नाव. आरटी-पीसीआरचा फॉर्म लॅबच्या मुलाने तोंडी विचारून भरला, म्हणजे तिथे तिसरंच नाव. तिन्ही कागद खरे, पण काउंटरवर ते तीन वेगळ्या बायकांचे दिसतात. तुमचा इलाज साधा होता. लॅबवाला घरी आला की त्याला नाव सांगायचं नाही, पासपोर्ट उघडून समोर धरायचा आणि त्यावरूनच लिहायला लावायचं.

रिपोर्ट आल्यावर तो कसा वाचायचा, हेही तुम्ही एकदा व्हिडिओ कॉलवर बोट ठेवून दाखवलंत. आधी पासपोर्ट क्रमांक: एक अक्षर आणि सात आकडे, एकूण आठ. अक्षरानंतर शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला असेल तर कागद परत. मग जन्मतारीख आणि लिंग. मग तीन वेळा: नमुना घेतला ती, लॅबमध्ये पोचला ती, रिपोर्ट निघाला ती. नमुना घेतल्याच्या जागी लॅबने नोंदणीची वेळ छापली, तर कधीकधी नमुना ‘घेण्याआधीच पोचलेला’ दिसतो आणि तपासणारा सगळ्याच रिपोर्टवर संशय घेतो. तारीख ०५/०८ अशी असेल तर अमेरिकेच्या माणसाला ती ८ मे वाटते, म्हणून महिना अक्षरांत छापून घ्यायचा. शेवटी क्यूआर कोड: दुसऱ्याच्या फोनवरून, लॅबचं ॲप नसलेल्या फोनवरून स्कॅन करायचा. त्यातून मूळ रिपोर्ट उघडला पाहिजे. नुसतं नाव आणि ‘निगेटिव्ह’ एवढा मजकूर आला तर दुबईसाठी तो कोड निरुपयोगी. एवढं बघायला चार-पाच मिनिटं लागतात आणि चूक दुपारीच सापडली तर लॅब तासाभरात सुधारून देते. रात्री अकराला विमानतळाच्या टी-टू टर्मिनलच्या गेटवर सापडली, तर लॅबचा फोन उचलायला कोणी नसतं.

लसीच्या प्रमाणपत्राचीही हीच कथा. मे २०२१ अखेरीस महापालिकेने परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी कस्तुरबा, राजावाडी आणि कूपर रुग्णालयांत आधी वेळ न घेता थेट लसीकरण सुरू केलं आणि ७ जूनच्या केंद्राच्या सूचनेने विद्यार्थी, नोकरदार आणि ऑलिम्पिकच्या चमूला कोविशील्डचा दुसरा डोस ८४ ऐवजी २८ दिवसांनंतर घेता येऊ लागला. तेव्हा मुलं घाईघाईने दुसऱ्या डोसला पासपोर्ट दाखवून नवीन नोंदणी करू लागली. परिणाम असा की कोविन या सरकारी लस-नोंदणीच्या पोर्टलवर एकाच मुलाचे दोन ‘पहिले डोस’ आणि अंतिम प्रमाणपत्र नाहीच. तुमचं सांगणं होतं की पहिल्या डोसला जो मोबाइल आणि जे ओळखपत्र वापरलं तेच पुन्हा वापरा. दोन्ही डोस झाल्यावर आधी नाव दुरुस्त करा, कारण दुरुस्तीची संधी एकदाच मिळते, आणि मग ‘रेझ ॲन इश्यू’ मध्ये जाऊन पासपोर्ट क्रमांक जोडा. ब्रिटनला वयाऐवजी पूर्ण जन्मतारीख हवी होती. ती सोय कोविनवर सप्टेंबर २०२१ अखेरीस आली आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपली प्रमाणपत्रं मान्य केली. त्या पंधरवड्यात जुनी छापील प्रत बॅगेत ठेवून निघालेल्या प्रत्येकाला तुम्ही नवी प्रत काढायला लावलीत. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत नव्हती. त्यांना तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत, याबद्दल विशेष आभार.

स्वस्त तिकिटांबाबत तुम्ही कडक होता आणि ते बरोबरच होतं. दोन वेगळ्या पीएनआरवर जोडलेला प्रवास दहा-पंधरा हजारांनी स्वस्त दिसायचा. पण बॅग शेवटपर्यंत जात नाही, मधल्या विमानतळावर ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि ओलांडलं की त्या देशाचे सगळे प्रवेश-नियम लागू होतात. भारतीयांना तेव्हा तिथे प्रवेशच बंद असेल, तर मुंबईतच बोर्डिंग पास मिळत नाही. जर्मनीसारख्या देशात तर तेव्हा एका तिकिटावर नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागायचा, अमेरिका, कॅनडासारख्या देशांचा वैध व्हिसा असलेल्यांना सूट होती. कॅनडाची थेट विमानं २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झाली, तेव्हा दिल्ली विमानतळावरच्या ठरवलेल्या लॅबचीच चाचणी हवी होती, उड्डाणाआधी १८ तासांच्या आतली. म्हणजे मुंबईची चाचणी कुचकामी. आदल्या दिवशी दिल्ली गाठायची, हे तुम्ही तिकीट काढायच्या आधी सांगितलंत, नंतर नव्हे.

परतीच्या वाटेवर एअर सुविधाचा, म्हणजे भारतात येण्याआधी ऑनलाइन भरायचा सरकारी फॉर्म असायचा. १४ दिवसांचा प्रवास, पीएनआर, पासपोर्ट आणि रिपोर्टची पीडीएफ. फोटो जोडला की फॉर्म अडकायचा, म्हणून तुम्ही प्रवाशांना निघण्यापूर्वीच फोनवर पीडीएफ करायला शिकवत होता. १ डिसेंबर २०२१ नंतर ‘ॲट रिस्क’ (जास्त धोक्याच्या) देशांतून येणाऱ्यांना उतरल्यावर चाचणी देऊन निकाल येईपर्यंत थांबावं लागे, तेव्हा नागपूरचं किंवा गोव्याचं पुढचं विमान त्याच पहाटेचं काढू नका, असा तुमचा निरोप आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. औषधं आणि चार्जर हातातल्या बॅगेत, कागदांचे तीन छापील संच, एक फोनवर. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही, हे तुमचंच वाक्य.

ताई, सगळ्यात मोठे आभार आहेत ते तुम्ही ‘आज जाऊ नका’ म्हणालात त्या वेळांसाठी. कोविड होऊन गेलेल्याची आरटी-पीसीआर कितीतरी आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते. अमेरिकेला ९० दिवसांच्या आतला जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरांचं प्रवासास योग्य असल्याचं पत्र चालायचं, दुबईला निगेटिव्हच हवा होता. नोकरी जाईल म्हणून रडणाऱ्या माणसाला तुम्ही खोटा रिपोर्ट मिळवून देणाऱ्यांच्या हाती पडू दिलं नाहीत. त्याच्या कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मजकूर स्वतः सांगितलात, तारीख पुढे ढकलायला लावलीत. असं सांगायला धीर लागतो आणि समोरच्याचं भलं मनापासून हवं असावं लागतं.

एअर सुविधाचा फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला. नंतर चीन, जपानसह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी थोडे दिवस परत आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला. आमच्या दुकानांत मात्र तुमची दारं मोजायची पद्धत चालूच आहे. केनियाच्या सहलीचं गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी परतीचं दार बघतो. पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मुंबईला उतरल्यावर मागतात, लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते वैध होतं आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून लसीची तारीख ठरल्याशिवाय आम्ही तिकीट काढत नाही. नव्या मुलांना हे शिकवताना तुमचं नाव घेतो. तेवढी परवानगी द्यावी.

आपले ऋणी,
दादर, ठाणे, डोंबिवली व वसई येथील तिकीट एजंट